हे गाणं हेलनचं

सुनील पाचर्णेचा साउंड सिस्टीम भाड्यानं देण्याचा धंदा होता. अहिल्यानगरला, दिल्लीगेटच्या अलीकडे, हार्डवेअरच्या एका दुकानावर त्याची खोली होती. खाली दिवसभर पत्रे आदळायचे, म्हणून त्यानं खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. लग्नसराई नसली की तिथं रेकॉर्डिंगची कामं चालत. प्रचाराची गाणी, गॅदरिंगचे ट्रॅक, कुणाच्या तरी देवीची आरती, मिळेल ते. पण ज्यांना त्याच्याबद्दल आदर होता, असे जे थोडे लोक होते, ते त्याला ओळखत 'पाचट'चा ड्रमर म्हणून.

'पाचट' हा जिल्ह्यातला एकुलता एक पंक बँड असावा. ऊस तोडून झाल्यावर फडात उरलेला वाळका पाला काडी लावताच भडकतो, म्हणून एलियानं ते नाव ठेवलं होतं. एलिया उजागरे गायचा आणि गिटार वाजवायचा. वाजवायचा म्हणजे तारा ओरबाडायचा. चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला मुलगा, कानावरचे केस पार भादरलेले, भर उन्हाळ्यात अंगात काळं जॅकेट. स्वतःचं गाणं त्यानं कधी केलं नाही. मोटरसायकल काढून खेड्यापाड्यांत हिंडायचा, कुणाचं तरी गाणं ऐकून यायचा आणि तेच तिप्पट वेगानं, घसा फाटेस्तोवर म्हणायचा. मात्र म्हणण्याआधी मालकाचं नाव घ्यायचा. "हे गाणं अमक्याचं," एवढंच. मग सुनीलच्या काठ्या पडायच्या.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, जामखेडच्या रस्त्यावर, दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून एलिया गेला.

त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर त्याची थोरली बहीण हेलन सुनीलच्या खोलीवर आली. हेलन शाळेत संगीत शिकवायची, चर्चची क्वायरही तीच बसवायची. एलियाला सूर तिनंच दिला होता. चुकला की पट्टीनं मारायचीसुद्धा.

"खर्ड्याचं रेकॉर्डिंग आहे ना रे तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"आहे ताई. उघडलं नाही अजून."

"उघड. त्याचा एक तरी अल्बम निघू दे."

तो कार्यक्रम एलिया जाण्याच्या महिनाभर आधी झाला होता. खर्ड्याच्या किल्ल्यापाशी, टळटळीत दुपारी, ट्रॉलीच्या स्टेजवर. समोर कॉलेजची काही पोरं, शेळ्या थांबवून उभे राहिलेले दोघं-तिघं गडी, आणि आवाज सोसेना म्हणून गाडा पलीकडे ढकलत नेणारा रसवंतीवाला. पाच गाणी झाली आणि वीज गेली. माईक बंद, गिटार बंद, मिक्सर बंद. एलियानं दोन्ही हात वर केले, पोरं हसली आणि कार्यक्रम संपला.

सुनीलनं फाइल लावली. ड्रमवर बसलं की शब्द कुठं कळतात? पाचही गाणी गेलेल्या माणसांवरची आहेत, हे त्याला आज पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पहिलं एका आईचं होतं.

*फडात निजली चांगुणा, पाचटाची उशी गं,*
*हाक मारू कशी गं, तिला हाक मारू कशी गं.*

गाण्याआधी एलिया म्हणाला होता, "हे गाणं केशरबाईचं." आणि त्याचं बोलणं संपणं आणि ड्रम सुरू होणं यांच्या मधल्या फटीत कुणीतरी म्हणालं होतं, "व्हय."

बाईचा आवाज, म्हातारा, अगदी माईकला चिकटून.

सुनीलनं मागं घेऊन पुन्हा ऐकलं. त्या दिवशी समोर एकही बाई नव्हती. असेल मागं कुणी, त्याच्या लक्षात आली नसेल. दुसऱ्या गाण्याआधी एलियानं राळेगणसिद्धीच्या कानिफनाथचं नाव घेतलं. पुन्हा त्या फटीत "व्हय". या वेळी पुरुषाचा आवाज, भरदार. पाचही गाण्यांना तसंच. दर वेळी आवाज निराळा.

"लोक दाद देतायत," हेलन म्हणाली. मग म्हणाली, "ही माणसं शोधायला हवीत. त्यांना विचारल्याशिवाय नाही काढायचं आपण. त्यालाही ते आवडलं नसतं."

डिसेंबरात एका रविवारी दोघं सुनीलच्या टेम्पोनं पाथर्डीच्या अंगाला गेले. गाव निम्मं रिकामं होतं. तरणीताठी माणसं ऊस तोडायला गेलेली. घराघराला कुलपं, मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. केशरबाई ओट्यावर उन्हाला बसून शेंगा फोडत होती. अंगानं बरी भरलेली, चेहरा तुकतुकीत. मुलीचं दुःख एवढं गाण्यात घालणारी बाई सुनीलनं वेगळी कल्पिली होती.

"आजी, एलिया आठवतो का? कानावरचे केस कापलेला, गिटार घेऊन हिंडायचा?"

"व्हय," केशरबाई म्हणाली.

हेडफोनमध्ये तो 'व्हय' त्यानं इतक्यांदा ऐकला होता की चूक होणं शक्य नव्हतं. शेवटी जरासा वर उचललेला, तोच.

"तुम्ही खर्ड्याला आला होतात का, त्याचं गाणं ऐकायला?"

"खर्डा? म्या न्हाई बाबा गेले कदी. त्योच हितं आल्ता की. गानं शिकून गेला. लई गुनाचं पोरगं. दसऱ्याच्या आदुगर आल्ता."

"मागच्या वर्षीच्या दसऱ्याला," हेलन म्हणाली.

"न्हाई वं, ह्याच. पोरं गाडीत भांडी भरत हुती, कोयत्यावर निघाली हुती, तवाच. हितं दारात बसला. आत ये म्हनलं, न्हाई आला. पानी दिलं तर तांब्याकडं नुसता बगत ऱ्हायला."

हेलननं सुनीलकडे पाहिलं नाही. शिक्षिकेच्या शांत आवाजात ती म्हणाली, "आजी, ते गाणं म्हणून दाखवता?"

केशरबाईनं डोळे बारीक करून आठवून पाहिलं. मग हसली. "याद न्हाई आता. दिऊन टाकलं न्हवं का त्याला."

"चांगुणाचं गाणं, आजी."

"कोन चांगुना?" केशरबाईनं विचारलं आणि पुढची शेंग फोडली.

टेम्पोपाशी तिची सून मागून धावत आली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "नणंद हुती वं माजी. थोरली. आत्याबाई रोज दिवेलागनीला तिचं नाव घिऊन रडायच्या, म्या लगीन हून आले तवापास्नं बगतीय. दसऱ्यापास्नं नाव न्हाई. फोटू दावला तर मलाच इचारत्यात, कुनाची गं ही लेक? जेवत्यात चांगलं. झोपत्यात. पर मला भ्या वाटतंय."

परतीच्या वाटेवर हेलन म्हणाली, "वय झालंय. या वयात तारखांचा घोळ होतो, नावं जातात. आमच्या आजीचं तसंच झालं होतं."

"तेच म्हणतो मी," सुनील म्हणाला. तो 'व्हय'चं काही बोलला नाही.

कानिफनाथचं वय झालेलं नव्हतं. राळेगणसिद्धीला त्याचा म्हशींचा गोठा होता, माणूस हुशार, बोलका. त्याचं गाणं विहिरीत बुडालेल्या भावाचं होतं, मच्छिंद्रचं. एलियाचं नाव काढताच तो खुलला.

"गणपतीत आले होते ना! त्याच दिवशी ही म्हैस व्याली, म्हणून पक्कं ध्यानात हाय. ते गोठ्याच्या दारात बसून होते, मी एकीकडं वार पडायची वाट बघतोय, एकीकडं गाणं सांगतोय. हे बघा, हेच ते रेडकू."

रेडकू खुंट्याला दावं ताणत उभं होतं. तीन-चार महिन्यांचं. एलियाला जाऊन नऊ-दहा महिने झाले होते.

"तुमच्या भावाचं गाणं होतं ते," सुनील म्हणाला.

"भाऊ?" कानिफनाथ मोकळेपणी हसला. "मला भाऊ न्हाई साहेब. मी एकटाच."

त्याच्या डोक्यामागं भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. तेच नाक, भुवईवर तोच भोवरा. हार ताजा होता. दारात उभ्या त्याच्या बायकोनं हेलनकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नगरला, माळीवाड्यात उतरताना हेलन एवढंच म्हणाली, "बाकीच्या तिघांकडे नको जायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनील फाइलचं शेपूट कापायला बसला. पाचवं गाणं, टाळ्या, मग वीज जातानाचा तो खट्ट आवाज. त्यापुढं पडद्यावर सपाट रेघ. ती निवडून काढून टाकायची, एवढंच काम होतं. पण रेघ शेवटपर्यंत सपाट नव्हती. पुढं कुठंतरी ती फुगत गेली होती.

रेकॉर्डर बॅटरीवर चालूच राहिला होता, पण वीज गेल्यावर मिक्सर बंद होता. त्यात काही शिरणंच शक्य नव्हतं.

त्यानं हेडफोन चढवला.

आधी काहीच नाही. मग श्वास. मग एलियाचा आवाज, दमलेला, पण स्वस्थ.

"हे शेवटचं. हे गाणं हेलनचं."

आणि त्या फटीत, ओठ कानाला लागावेत इतक्या जवळून, बाईचा आवाज, "हो."

ड्रम नव्हते. गिटार नव्हती. एलिया न ओरडता गात होता. सुनीलनं त्याला असं गाताना कधीच ऐकलं नव्हतं. चाल प्रार्थनेसारखी संथ.

*दाराशी उभी राहिले, ऊन काही ढळेना,*
*दाही दिशा धुंडल्या मी, माझी दिशा मिळेना.*

मिळेनावर त्याचा सूर खाली घसरला. तो थांबला, स्वतःशीच हसला. "चुकलं. इथं वर जायचं. ताई ओरडेल." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

हेलन संध्याकाळी शाळेतून थेट आली. सोबत दिशा होती, तिची मुलगी, तिसरीतली. दिशा आल्या आल्या ड्रमच्या स्टुलावर चढली आणि बोटांनी ड्रमच्या कातड्यावर टकटक करू लागली. हेलन हेडफोन लावून बसली. पूर्ण वेळ तिची नजर त्या बोटांवर होती.

"दिशा म्हणजे पूर्व-पश्चिमसुद्धा असतील, ताई," सुनील म्हणाला. "गाण्यात येतंच तसं."

हेलननं हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. "तो 'हो' माझा आहे," ती म्हणाली. "मी त्या दिवशी इथं शाळेत होते, सुनील. परीक्षा होती मुलांची." मग म्हणाली, "पुसून टाक."

त्यानं तिच्यासमोर पुसलं. लॅपटॉपमधून, कार्डमधून, सगळीकडून.

"ताई, एक ऐका माझं. उद्या काहीही होवो. काहीही. तुम्ही गाऊ नका."

तिनं मान हलवली. मग उठून दिशाला स्टुलावरून उतरवलं आणि तिचा हात धरला.

गाणी ज्यांची, त्यांना ती आठवतच नव्हती, विचारणार कुणाला? ईस्टरच्या आठवड्यात पाच गाण्यांचा अल्बम निघाला. पुण्या-नाशकातल्या पोरांनी तो उचलला. त्यांना ते नवं वाटलं, रांगडं वाटलं. सुनीलला कौतुकाचे फोन येत. तो चार शब्द बोलून ठेवून देई. हेलननं क्वायर सोडली होती. शाळेत संगीताचे तास दुसऱ्या बाईंना देऊन ती चित्रकला शिकवू लागली. चर्चमध्ये सगळे गायला उभे राहत तेव्हा ती ओठ मिटून उभी राही. दिशाला सायकल नाही, पोहणं नाही, सहल नाही. शाळेत सोडायला हेलन, आणायला तिचा नवरा जेम्स. एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर असलेला हा अबोल माणूस एकदा सुनीलला म्हणाला, "हिला झालंय काय? पोरगी खिडकीत उभी राहिली तरी ओरडते." सुनीलनं त्याला सगळं सांगितलं. जेम्सनं ऐकून घेतलं आणि "असं कुठं असतं का," म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं खिडक्यांना गज बसवून घेतले.

श्रावणात दिशाला ताप आला. सगळ्या गल्लीतच तापाची साथ होती, इतर मुलं उठून खेळायला लागली. दिशा उठली नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं.

दफनविधीनंतरच्या त्या दुपारी सुनील हेलनच्या अंगणात खुर्च्या मांडत होता. घर माणसांनी भरलेलं होतं. हेलन रडली नव्हती. कबरीपाशी नाही, घरी आल्यावर नाही. बायका तिला हलवत होत्या, रड गं बाई म्हणत होत्या. ती ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि का, ते त्या गर्दीत फक्त सुनीलला आणि जेम्सला माहीत होतं.

मग ती उठली. जरा पडते म्हणाली. आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

सुनील घराला वळसा घालून मागं गेला. खोलीची खिडकी तिकडे उघडायची. पडदा ओढलेला होता, पण फट होती. हेलन पलंगाच्या कडेवर बसली होती, मागच्या दाराकडे तोंड करून. ते दार भिंतीपलीकडच्या बोळात उघडायचं. आता ते सताड उघडं होतं, आणि दारात ऊन पडलं होतं.

ती गात होती.

*दाराशी उभी राहिले, ऊन काही ढळेना...*

ओळ संपली. ती थांबली. ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ती थांबली, उंबऱ्याकडे पाहत, मान हळूहळू डोलावत.

बोळात कावळा ओरडत होता. दुसरा कसलाही आवाज नव्हता.

*दाही दिशा धुंडल्या मी, माझी दिशा मिळेना.*

पुन्हा थांबली. ऐकलं. आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"नाही रे," ती म्हणाली. "किती वेळा सांगू? इथं वर जायचं."

सुनीलला ओरडायचं होतं. त्यानं गजावर हात आपटला. हेलननं वळून पाहिलं नाही.

"हां," ती दाराकडे पाहून म्हणाली. "आता बरोबर."

तो धावत पुढच्या दारानं आत शिरला. जेम्स आधीच खोलीच्या दारावर मुठी मारत होता. "हेलन! हेलन, थांब!" आतून सूर येत होता, पुन्हा पहिल्यापासून, आता सलग, न थांबता, शेवटपर्यंत.

मग शांतता.

मग कडी निघाली.

हेलन दारात उभी होती. चेहरा झोपून उठल्यासारखा मोकळा, गालांवर रंग. मागचं दार बंद होतं.

"अरे सुनील, कधी आलास?" ती म्हणाली. मग तिनं जेम्सच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. काळ्या-पांढऱ्या कपड्यांतली माणसं, रडून लाल झालेले डोळे.

"अगबाई," ती हळूच म्हणाली. "कोण गेलं?"

त्यानंतर बरेच महिने सुनील तिकडे फिरकला नाही. अल्बम त्यानं सगळीकडून काढून टाकला. पोरांचे फोन आले, त्यानं नंबर बदलला. ड्रम विकले.

नाताळच्या आधी जेम्सनं निरोप धाडला म्हणून तो गेला. जेम्स फाटकापाशीच भेटला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले.

"कबरीवर मी एकटाच जातो," तो म्हणाला. "हिला भाजीला जातो म्हणून सांगतो. डॉक्टरांनी सांगितलंय, एकदम काही सांगू नका. फोटो, दप्तर, सगळं माझ्या बहिणीकडे नेऊन ठेवलं." तो थोडा वेळ फाटकाचा गंज नखानं खरवडत राहिला. "सुनील, तो माझ्याकडे का येत नाही रे?"

सुनील आत जायला वळला, पण जेम्सनं फाटक धरून ठेवलं होतं.

"मी बसतो दार उघडं टाकून. म्हणून बघतो काहीतरी. पण मला सूर नाही. लहानपणापासूनच नाही."

आत हेलन नाताळच्या करंज्या तळत होती. पुन्हा क्वायर बसवायला लागले, म्हणाली. यंदा सोप्रानो, वरच्या सुरात गाणाऱ्या मुली, चांगल्या मिळाल्यात. तिनं चहा केला, सुनीलच्या आईची चौकशी केली, एलियाच्या आठवणी काढल्या, हसली, डोळेही पुसले. भाऊ तिला पक्का आठवत होता. सुनील मान खाली घालून चहा पीत राहिला.

तो निघाला तशी तिनं हाक मारली आणि ओट्यावरून एक छोटा स्टीलचा डबा आणला.

"हा घेऊन जा बाबा. रोज सकाळी मी दोन डबे भरते. एक जेम्सचा. दुसरा कुणासाठी भरते, मलाच कळत नाही. हात आपोआप करतात. मग दुपारी कुत्र्याला घालावा लागतो."

रस्त्यावर, टेम्पोत बसल्यावर, सुनीलनं डबा उघडला. आत तूप-साखर लावून केलेल्या पोळीच्या गुंडाळ्या होत्या. बोटाएवढ्या, एका लहानशा घासात मावतील अशा. पोळीच्या कडा काळजीपूर्वक काढून टाकल्या होत्या.